पपईचा वाद राहू द्या, आधी गोळीचं बघा

नाशिकच्या सिडकोतल्या उत्तमनगरहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"मला एकोणतिसावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. तारीख ७ मे २०२६ दिली आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मिस्टर अंबडला कंपनीत, तीन शिफ्ट. सासूबाई दिंडोरीहून मदतीला आल्या आहेत. मनाने चांगल्या आहेत, पण पपई नको, वांगं नको, ग्रहणात हलायचं नाही, असं दिवसभर चालू असतं. आई जळगावला. तिचं म्हणणं, डोहाळजेवण झालं की लगेच माहेरी ये. मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ आलं. लोहाच्या लाल गोळीने पोट साफ होत नाही म्हणून मी ती अधूनमधून सोडते, हे घरी सांगितलेलं नाही. दुपारपर्यंत अंगातली ताकद संपते. घरात काय करू, काय सोडू आणि जळगावला जाऊ की नको?"

ताई, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहे: गोळी सोडते. घरात वाद पपईवर चाललाय आणि धोका आहे तो या सुटलेल्या गोळीत. म्हणून सुरुवात तिथूनच.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम. तुम्ही मध्यमच्या अगदी वरच्या कडेला आहात, म्हणजे अजून हातात वेळ आहे, पण फार नाही. साध्या बाळंतपणातही अर्ध्या लिटरपर्यंत रक्त जातं. साठा चांगला असेल तर शरीर ते पचवतं. आधीच कमी असेल तर तेवढ्यानेच चक्कर, धाप आणि रक्त चढवण्याची वेळ येते. दुपारी ताकद संपते त्यामागेही हेच असण्याची शक्यता मोठी आहे.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना खरं सांगा. ही लाजण्याची गोष्ट नाही, उपचार त्यावर ठरतो. गोळी रोज घेऊनही रक्त वाढत नसेल तर कारण शोधायला वेगळ्या तपासण्या लागतात: बी-१२, थॅलेसेमिया, जंत. गोळी घेतलीच नसेल तर आधी ती नीट सुरू करायची, एवढंच. तुम्ही गप्प राहिलात तर डॉक्टर पहिला रस्ता धरतील आणि पैसे, रक्त, दिवस तिन्ही वाया जातील. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रक्त ठीक असेल तर रोज एक, तुमच्यासारखं मध्यम कमी असेल तर सहसा रोज दोन देतात. तुमचा डोस मात्र डॉक्टरच ठरवतील. नियमित घेतल्यावर महिन्याभरात साधारण एक अंकाने वाढ दिसायला हवी. दिसली नाही किंवा गोळी सोसलीच नाही, तर शिरेतून लोह देता येतं. आत्ता पूर्ण गप्प राहून नवव्या महिन्यात "रक्त कमीच आहे" असं उघड झालं, तर तेवढी सवड राहत नाही.

आता गोळी कधी घ्यायची. बऱ्याच घरांत ती सकाळच्या चहासोबत जाते आणि तिथेच निम्मी वाया जाते. चहा-कॉफी लोह अडवते, दूध आणि कॅल्शियमची गोळीही अडवते. तुमचा दिवस असा लावता येईल: सात वाजता चहा, साडेआठ-नऊला नाश्ता, अकराला लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर किंवा पेरूच्या चार फोडींबरोबर, आणि कॅल्शियम दुपारच्या व रात्रीच्या जेवणासोबत. लोह आणि कॅल्शियममध्ये किमान दोन तास, लोह आणि चहात किमान एक तास. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर नाश्त्यानंतर तासाभराने घ्या. दुसरी गोळी दिली तर ती रात्री जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना.

शौचाला काळं होतं ते लोहामुळेच, घाबरू नका. बद्धकोष्ठावर गोळी बंद करणं हा उपाय नव्हे. दिवसाला अडीच ते तीन लिटर पाणी, दुपारी ज्वारी-बाजरीची भाकरी, रोज एक मोठी वाटी पालेभाजी, रात्री दोन अंजिरं भिजवून सकाळी पाण्यासकट, आणि संध्याकाळी वीस-पंचवीस मिनिटं सपाटीवर चालणं, असं सलग आठवडाभर करून पाहा. त्यानेही भागलं नाही तर इसबगोल चालतं, फक्त गोळीपासून दोन तास लांब ठेवा. एरंडेल मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी नाही, त्याने पोटात कळा उठू शकतात. एवढ्यावरही त्रास राहिला तर डॉक्टर लोहाचा दुसरा प्रकार देतात. तो मागून घ्या.

खाण्याबद्दल एक भ्रम आधी काढून टाकू, कारण नाशिक जिल्ह्यात तो फार आहे. सटाणा-मालेगावकडचं डाळिंब लाल असतं, म्हणून ते रक्त वाढवतं असं मानतात. शंभर ग्रॅम दाण्यांत अर्धा मिलिग्रॅमही लोह नसतं. बिटाचीही तीच गत, नुसता रंग. डाळिंब खा, चांगलं फळ आहे, पण गोळीच्या बदल्यात नाही. खरं लोह मटकी, चवळी, हरभरा, बाजरी, राजगिऱ्याच्या पानांत आहे, आणि त्यावर लिंबू पिळलं तर ते अंगी लागतं. मांसाहार करत असाल तर मटण आठवड्यातून एकदा-दोनदा उत्तम. कलेजी मात्र वारंवार नको, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं. नागली घरात असेलच. पेठ-सुरगाण्याकडची मिळाली तर आणखी चांगली. दोन मध्यम भाकरींच्या पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, तांदूळ किंवा गव्हाच्या दोन भाकरी-पोळ्यांत त्याचा छोटा अंशच असतो.

दोघांचं जेवण एकटीने करायचं नाही. शेवटच्या महिन्यांत रोज साडेतीनशे कॅलरी जास्त लागतात. मूठभर शेंगदाणे-गूळ आणि पेलाभर दूध घेतलं की जवळपास भागतं. वाढवायचं ते प्रथिन: दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, शिवाय एखादं अंडं किंवा पनीर. तुपाचे लाडू, डिंक, अळीव हे सगळं बाळंतपणानंतर.

द्राक्षांचा हंगाम आहे, आणि पिंपळगावचा नातेवाईक पेटी आणून देतोच. बागेवर फवारणी होते. घड सुट्टा करून लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकून पंधरा मिनिटं ठेवा आणि नळाखाली चोळून धुवा. एका वेळी एक छोटी वाटी. चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात साखरेची चाचणी करतात: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त. पत्रात तिचा उल्लेख नाही. झाली नसेल तर या आठवड्यात करून घ्या. तिथे आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर द्राक्षांचा हिशेब डॉक्टरांना विचारूनच. रविवारची मिसळ सकाळी, कमी तर्रीची, ताजी असेल तर चालेल. रात्री नको, या महिन्यांत वरती येणाऱ्या जळजळीला तेवढं निमित्त पुरतं.

सासूबाईंची यादी आता बघू. कच्च्या पपईचा चीक गर्भाशयाला चाळवू शकतो, तेव्हा कच्ची किंवा अर्धी पिकलेली टाळण्यात त्यांचं बरोबर आहे. पूर्ण पिकलेली थोडी खाल्ली तर काही होत नाही, पण तिच्याशिवाय तुमचं काही अडतही नाही. सोडून द्या आणि घरात एक गोष्ट त्यांच्या मनासारखी होऊ द्या. वांग्याला काही आधार नाही, पोटाला सोसत असेल तर खा. ग्रहण ३ मार्चला आहे. चंद्रग्रहण, आणि नाशिकला चंद्र उगवेल तेव्हा ते संपतच आलेलं असेल. ग्रहणाने बाळाला काही होत नाही. दिवसभर उपाशी राहिल्याने, पाणी न प्यायल्याने मात्र चक्कर येते. सासूबाईंशी वाद घालू नका, पंचांग त्यांच्यासमोर ठेवा. बाल, वृद्ध, आजारी आणि गर्भवतींसाठी वेध कमी पाळायला पंचांगकर्तेच सांगतात. भाजी चिरू नका असं म्हणाल्या तर नका चिरू, तेवढीच विश्रांती. पाणी आणि गोळी मात्र चुकवायची नाही. त्यानंतर चार-पाच दिवसांत रंगपंचमी. रहाडीच्या, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदाच्या, गर्दीकडे यंदा फिरकू नका, ओल्या फरशीवरून पाय घसरायला वेळ लागत नाही.

घरकाम बंद करायचं नाही, त्याची तऱ्हा बदलायची. नुसतं पडून राहिल्याने पाय सुजतात आणि कंबर आणखी धरते. पण काही कामं आजपासून तुमची नाहीत. भरलेली मोठी बादली पंधरा किलोची होते, गॅसची टाकी रिकामी-भरली बघण्यासाठी हलवली तर लोखंडासकट तीस किलोच्या घरात जाते, आणि वीस लिटरचा पाण्याचा जार वीस किलो. यांना हात लावायचा नाही. नळाला पाणी येतं तेव्हा बादल्या वाहण्याऐवजी नळाला लांब पाइप जोडून पिंप जागेवरच भरा. मिस्टर रात्रपाळीहून येतात त्या आठवड्यात पाण्याची वेळ आणि त्यांची झोप यांची टक्कर होते, तेव्हा आदल्या संध्याकाळचा साठा ठेवा.

ओट्याजवळ दहा-बारा सेंटिमीटर उंचीचा पाट ठेवा आणि स्वयंपाक करताना एक पाय त्यावर, दहा मिनिटांनी दुसरा. कंबरेची कमान कमी होते आणि पाठ कमी दुखते. कणीक मळणं, भाजी निवडणं खुर्चीत बसून. फरशी लांब दांडीच्या मॉपने. खाली बसून पुसल्याने बाळंतपण सोपं होतं असं सांगतात. गुडघ्यांना झेपत असेल तर कोरड्या जागी उकिडवं बसा, पण ओल्या फरशीवर उकिडवं बसून मागे सरकत जाणं या महिन्यांत नकोच. पोटाने तोल पुढे गेलेला असतो. बाथरूममध्ये रबरी मॅट घाला आणि भारतीय संडासाजवळ उठताना धरायला दांडी बसवून घ्या. सुताराचं किंवा प्लंबरचं तासाभराचं काम आहे आणि पुढे सासूबाईंनाही उपयोगी पडेल.

जिना चढायला बंदी नाही. कठडा धरून, मध्ये थांबून, श्वास लागेपर्यंत घाई न करता. फेऱ्या मात्र दिवसाला एक-दोनच. भाजी, दूध, कुरिअर यांसाठी गॅलरीतून दोरीला पिशवी सोडा, जुन्या इमारतींत ही सोय अजून चालते. जिन्यातले दिवे लागतात ना, हे आज रात्रीच बघा. न लागणारा दिवा सोसायटीच्या सचिवाकडून आठवडाभरात बदलून घ्या, एप्रिलमध्ये पाठपुरावा करायला तुमच्यात ताकद नसेल. घरात रंगकाम, पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर आत्ता नाही. कूलर या महिन्यातच निघतो, त्याचं पाणी आणि फ्रिजमागचा ट्रे आठवड्याला एकदा कोरडा करायचा, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. बंद खोलीत कॉईल लावू नका, मच्छरदाणी लावा.

झोपताना कुशीवर. डावी चांगली, उजवीही चालते, पाठीवर मात्र नको, कारण गर्भाशयाचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर पडतं. जाग आली आणि पाठीवर सापडलात तर घाबरायचं नाही, वळायचं. गुडघ्यांत एक उशी, पोटाखाली घडी घातलेली चादर.

आता रोजचं एक काम, जे कोणी तुमच्यासाठी करू शकत नाही. दुपारी जेवून डाव्या कुशीवर पडा आणि बाळाच्या हालचाली मोजा. दोन तासांत दहा व्हायला हव्यात, बहुतेकींच्या अर्ध्या तासातच होतात. कमी झाल्या, किंवा रोजच्यापेक्षा बाळ शांत वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. "दिवस भरत आले की बाळ कमी हलतं" हे खरं नाही. हालचालीची जात बदलते, संख्या घटत नाही. तसंच खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं किंवा अंधुक दिसणं, चेहरा-हात अचानक सुजणं, छातीखाली पोटात दुखणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, ताप, तळहात-तळव्यांना रात्री प्रचंड खाज, यांतलं काहीही आलं तर उद्याची वाट पाहायची नाही. रक्तदाब १४०/९० किंवा वर असेल तर तेही त्याच रांगेत. ही ओळ मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा, सासूबाईंनाही वाचून दाखवा.

जळगावचा प्रश्न. आमचं स्पष्ट मत: बाळंतपण नाशिकलाच करा आणि आईंना इकडे बोलवा. तुमचं रक्त कमी आहे, पुढचे अडीच महिने त्यावर एकाच डॉक्टरची नजर असायला हवी. दुसरं, मे महिन्यातलं जळगाव. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, आणि त्या उकाड्यात नवव्या महिन्याची बाई आणि आठवड्याचं बाळ, दोघांनाही अंगातलं पाणी आटण्याचा धोका. डोहाळजेवण नाशिकलाच करा, ओटी आईंच्या हातून भरली की त्यांचाही मान राहतो. आईंना १६ एप्रिलच्या सुमारास, म्हणजे सदतीस आठवडे पूर्ण होताना, येऊ द्या. बाळ सहा आठवड्यांचं झालं, तेव्हाच्या लसी झाल्या की जूनच्या मध्यानंतर महिनाभर माहेरी जा. तेव्हा उन्हाचा जोरही उतरलेला असेल.

तरीही घरच्यांनी जळगावच ठरवलं तर ते आजच ठरवा. चौतीस आठवडे म्हणजे २६ मार्च, त्याआधी निघायचं, डॉक्टरांची परवानगी घेऊन. तिथल्या डॉक्टरांकडे नाव नोंदवून रक्तगट, सोनोग्राफी, सगळे रिपोर्ट आणि माता व बाल संरक्षण कार्ड घेऊन एकदा तपासून घ्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्याचं अँटी-डी इंजेक्शन झालंय का, हे विचारा. प्रवास नाशिकरोडहून रेल्वेने, खालचा बर्थ. अडीचशे किलोमीटर रस्त्याने जाण्यापेक्षा ते बरं: उठून चालता येतं आणि स्वच्छतागृह जवळ असतं. मोटारीनेच गेलात तर पट्ट्याची खालची पट्टी पोटाखालून, वरची स्तनांच्या मधून, आणि दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चालायचं.

दोन आजी एका स्वयंपाकघरात म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. कामं आधीच वाटून द्या: स्वयंपाक सासूबाईंचा, बाळ-बाळंतिणीचं आईंचं. आणि हे मिस्टरांनी सांगायचं, तुम्ही नाही.

मिस्टरांसाठी एक गोष्ट, जी बहुतेक घरांत सुटते. बऱ्याच कंपन्यांत शॉप-फ्लोअरवर मोबाइल नेऊ देत नाहीत. कळा सुरू झाल्यावर बंद फोनवर वीस वेळा फोन लावण्यात अर्थ नाही. कंपनीच्या गेटचा लँडलाइन नंबर, लाइनच्या सुपरवायझरचा नंबर कागदावर लिहून फ्रिजवर, आणि १६ एप्रिलपासून रात्रपाळी बदलून घेण्याचा अर्ज आत्ताच. ते नसतील त्या वेळी खाली कोण उतरवेल आणि गाडी कोणाची, अशा दोन शेजाऱ्यांची नावं ठरवून त्यांना सांगून ठेवा. त्याशिवाय १०८. गरोदर मातांसाठी १०२ सुद्धा आहे. दवाखान्यापर्यंतचे दोन रस्ते एकदा दुचाकीशिवाय जाऊन बघा, एक त्रिमूर्ती चौक-उंटवाडीकडून, एक मुंबई नाक्याकडून. सिंहस्थाच्या कामांनी कुठला रस्ता कधी खणलेला असेल ते सांगता येत नाही. रक्त कमी आहे म्हणून तुमच्या दवाखान्याला विचारा: रक्ताची सोय कुठून, नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग आहे का, नसेल तर बाळाला कुठे हलवतात? त्र्यंबक नाक्यावरच्या जिल्हा रुग्णालयात तो आहे. मिस्टरांचा पगार २१ हजारांच्या आत असेल आणि ईएसआय कापलं जात असेल तर सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयातली सोय तुम्हालाही लागू आहे. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये दोन हप्त्यांत मिळतात, पात्रता अंगणवाडीताईंकडून तपासून घ्या.

पहिलटकरणीला कळा दर पाच मिनिटांनी, प्रत्येक मिनिटभर, असं तासभर चाललं की निघायचं. तिसरा मजला आणि रस्ते धरून तुम्ही थोडं आधीच निघा. पाणी गेलं असेल, विशेषतः हिरवट, तर कळांची वाट पाहायची नाही. पिशवीत वर फाईल आणि आधार कार्ड, खाली पुढून उघडणारे दोन गाऊन, पॅड, न घसरणारी चप्पल, बाळाची चार झबली, डझनभर लंगोट, दोन दुपटी. जुन्या सुती साड्यांची लंगोटं सगळ्यात मऊ. दोनदा धुऊन उन्हात वाळवून ठेवा.

आणि दोन्ही आज्यांशी एक बोलणं आत्ताच करून घ्या, बाळ हातात आल्यावर कोणी ऐकत नाही. पहिल्या तासात अंगावर घ्यायचं, पिवळा घट्ट चीक टाकायचा नाही, सहा महिने पाणी, मध, गुटी काही नाही. मधातून लहान बाळाला जीवघेणा विकार होऊ शकतो, वर्षभर तो नकोच. काजळ नाही, कानात-नाकात तेल नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी अजिबात नाही, त्या धुराने बाळ-बाळंतीण दोघी गुदमरू शकतात. मे महिन्यात नाशिकलाही चाळिशीपर्यंत पारा जातो, तेव्हा शेकाची गरज कोणालाच नसते. भर दुपारी बाळाला एक सुती झबलं आणि लंगोट पुरतो, पंखा सुरू ठेवायचा, झोत थेट अंगावर येणार नाही असा. टोपडं बाहेर नेताना. मान आणि पाठ घामेजली असेल तर एक कपडा उतरवायचा.